चाळीतील कचेरी आणि प्राप्तिकराची वजावट

संसदेने १९६१ साली प्राप्तिकराचा कायदा संमत केला तेव्हा लालबाग-परळची धुराडी पेटलेली होती. धंदा म्हटला की गिरणी, पेढी, दुकान किंवा दवाखाना, असे चित्र कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी असावे, यात नवल नाही. म्हणूनच घसाऱ्याच्या तक्त्यांत इमारती, यंत्रे, जहाजे यांचा विचार मोठ्या बारकाईने झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपानंतर धुराडी एकेक करून विझली. गिरण्यांच्या आवारांत आज काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत जाहिरात संस्थांच्या कचेऱ्या आहेत. गिरणी कामगारांची नातवंडे या कचेऱ्यांत कामाला असतात. त्याहून अधिक संख्येने ती या कचेऱ्यांचे काम घरी बसून, बिलावर, करून देतात. समाजमाध्यमांची व्यवस्था पाहणे हे त्यांतलेच एक काम. ते करणाऱ्याला प्राप्तिकराच्या कायद्याने अजून ओळखलेले नाही.

हे काम कसले, याची ज्येष्ठ वाचकांना कदाचित कल्पना नसेल. दादरच्या साडीच्या दुकानाला, लालबागच्या मसाल्याच्या व्यापाऱ्याला, गिरगावातल्या खानावळीला किंवा शिवाजी मंदिरात प्रयोग लावणाऱ्या नाट्यसंस्थेला आता फलक रंगवून भागत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब येथे दररोज काही तरी मांडावे लागते. छायाचित्रे काढणे, मजकूर लिहिणे, चित्रफिती जुळवणे, जाहिरातीचे पैसे भरणे आणि ‘ही साडी हिरव्या रंगात मिळेल का?’ या रात्री अकरा वाजता आलेल्या प्रश्नाला तत्परतेने उत्तर देणे, हे सारे एक मुलगा किंवा मुलगी चार-सहा गिऱ्हाइकांसाठी दरमहा ठरावीक रकमेवर करते. तिला पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही. तिच्या शेजारच्या खोलीतला कारकून आणि ती यांच्यात कराच्या दृष्टीने मोठा फरक हा, की कारकुनाचा कर त्याची कचेरी मोजते. हिला तो स्वतः मोजावा लागतो, आणि मोजण्यापूर्वी कशाची वजावट मिळते हे स्वतःच ठरवावे लागते.

वजावटीचे मूळ तत्त्व तसे उदार आहे. १९६१ च्या कायद्यातील ३७ व्या कलमानुसार धंद्यासाठी किंवा व्यवसायासाठी संपूर्णतः आणि केवळ त्यासाठीच केलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो. मात्र तो खासगी नसावा आणि भांडवली नसावा. या कलमाच्या शब्दांना एक लहानसा इतिहास आहे. विधेयकाच्या मूळ मसुद्यात ‘आवश्यक’ हा शब्दही होता. म्हणजे केलेला खर्च आवश्यकच होता, हे करदात्याने सिद्ध करावयाचे. त्यावर लोकांतून हरकती आल्या आणि तो शब्द गळला. पुढे १९७९ साली सॅसून जे. डेव्हिड या मुंबईच्या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा इतिहास सांगूनच निर्वाळा दिला, की धंद्याच्या हितासाठी स्वेच्छेने केलेला खर्चही, त्याची अपरिहार्यता सिद्ध झाली नाही तरी, वजावटीस पात्र ठरतो. व्यापाऱ्याने आपला धंदा कसा करावा हे करअधिकाऱ्याने त्याला शिकवू नये, असा त्याचा साध्या भाषेत अर्थ. चार हजारांचा दिवा घेतला तेव्हा दोन हजारांचा चालला नसता का, असे त्या मुलीला कोणी विचारू शकत नाही.

अडचण निर्माण होते ती ‘केवळ त्यासाठीच’ या शब्दांपाशी. नळ बाजाराच्या दुकानदाराचे दुकान वेगळे आणि घर वेगळे. चाळीतल्या खोलीत हा भेद करावयाचा कसा? बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्याच खोलीत सकाळी आजोबांचा चहा होतो, दुपारी धाकट्या भावाचा अभ्यास होतो आणि रात्री अंथरुणे पसरली की पलंगाच्या कडेला संगणक उघडून मुलीची कचेरी सुरू होते. कायद्याने याचा विचार केलेलाच नाही असे नव्हे. जी वस्तू अंशतः धंद्यासाठी आणि अंशतः खासगी कारणासाठी वापरली जाते तिच्या खर्चाचा वाजवी हिस्सा ३८ व्या कलमाखाली वजा होतो. परंतु वाजवी म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही आणि दक्षिण व मध्य मुंबईत तर त्या हिश्शाचे गणितच विचित्र होऊन बसते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेली आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीस मोकळी केलेली पागडीची भाडी आजही अनेक चाळींत इतकी थोडी आहेत, की त्यांचा चौथा भाग म्हणजे एका वडापावाच्या पार्टीचा खर्च. बोरिवलीला किंवा डोंबिवलीला सदनिका भाड्याने घेऊन हेच काम करणाऱ्याला भाड्याची भरीव वजावट मिळते. गिरगावात जन्म काढलेल्या मुलीला ती मिळत नाही. याबद्दल तक्रार करावी असे नाही, कारण तिचा खर्चच तेवढा नाही. खरी गोम पुढेच आहे. भाड्याची पावती आजोबांच्या नावाने आणि बेस्टचे विजेचे बिल वडिलांच्या नावाने. घरातल्या जोडणीचे इंटरनेट बहुधा भावाच्या नावावर. ती दरमहा आईच्या हातावर पैसे ठेवते आणि त्या पैशांतून ही बिले भरली जातात. पण आईच्या हातावर ठेवलेल्या पैशांची पावती कोणत्या घरात दिली जाते?

२०२० पासून करनिर्धारण चेहराविरहित झाले आहे. प्रकरण कोणत्या शहरातील अधिकाऱ्यापुढे जाईल हे करदात्याला कळत नाही. लाचलुचपतीला आळा घालण्याच्या दृष्टीने ही सुधारणा स्वागतार्ह आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र पूर्वी लालबागच्या पिरामल चेंबर्समध्ये बसणाऱ्या अधिकाऱ्याला खिडकीतून चाळ दिसत होती. चाळीतली खोली म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नव्हते. आता दुसऱ्या राज्यातील अधिकाऱ्याला ‘निवासस्थान व कार्यालय एकच, क्षेत्रफळ १६० चौरस फूट, भाडेपावती आजोबांच्या नावे’ हे लेखी उत्तरातून पटवावयाचे आहे.

ही अडचण मुंबईपुरती नाही. ब्रिटनमध्ये तिच्यावर एक साधा तोडगा निघाला आहे. घरी बसून स्वतःचा धंदा करणाऱ्याने महिन्याला २५ ते ५० तास काम केले तर १० पौंड, १०० तासांपर्यंत १८ पौंड आणि त्याहून अधिक तासांना २६ पौंड, अशी सरसकट वजावट तेथे घेता येते. बिले दाखवावी लागत नाहीत. रक्कम क्षुल्लक आहे, पण तिच्यात वादाला जागा नाही. अमेरिकेत मोजमाप तासांऐवजी जागेवर आहे. दर चौरस फुटाला ५ डॉलर, कमाल ३०० चौरस फूट. मात्र ती जागा नियमितपणे आणि केवळ कामासाठीच वापरली जात असली पाहिजे, ही अट तेथे आहे. ३०० चौरस फुटांत बी. डी. डी. चाळीच्या जवळजवळ दोन खोल्या बसतात, हे लक्षात घेतले म्हणजे अमेरिकेचा नमुना आपल्याला कितपत उपयोगाचा, हे वेगळे सांगावयास नको. तास मोजण्याची ब्रिटिश पद्धत चाळीच्या संसाराला अधिक मानवेल.

कपड्यांचा प्रश्नही असाच. साडीच्या दुकानासाठी चित्रफितीत उभे राहताना नवी साडी नेसावी लागते. तो खर्च धंद्याचा नव्हे काय? ब्रिटनमध्ये एका महिला बॅरिस्टरने न्यायालयात घालावयाच्या काळ्या कपड्यांची वजावट मागितली होती. ते कपडे आपण कामाखेरीज कधीच घातले नसते, असे तिचे म्हणणे होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ साली ते फेटाळले. कपडे माणसाला ऊब आणि लज्जारक्षणासाठीही लागतात, तेव्हा त्यांचा हेतू दुहेरीच ठरतो, असे न्यायाधीशांचे मत पडले. आपल्याकडे तर एका नामवंत ज्येष्ठ वकिलांनी हृदयावरील शस्त्रक्रियेचा खर्च यंत्राच्या दुरुस्तीप्रमाणे वजा मागितला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले, की हृदय हे वकिली व्यवसायाचे यंत्र नव्हे. या निर्णयांचा रोख पाहता पडद्याकडे पाहून पाहून लागलेल्या चष्म्याचे बिलही खासगीच राहणार, हे उघड आहे. ते योग्यही आहे. सगळ्याच खर्चाला धंद्याचा मुलामा देता येऊ लागला तर पगारदारावर तो अन्यायच होईल.

परंतु जेथे कायदा उगाच जुना राहिला आहे अशीही एक जागा आहे, आणि ती म्हणजे भ्रमणध्वनी. संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. नोव्हेंबरात ६० हजारांचा संगणक घेतला, म्हणजे वर्षातील वापर १८० दिवसांहून कमी झाला, तर पहिल्या वर्षी निम्म्या दराने १२ हजार आणि पुढच्या वर्षी उरलेल्या ४८ हजारांवर १९,२०० रुपये वजा होतात. यंत्र लवकर जुने होते हे येथे कायद्याने ओळखले आहे. भ्रमणध्वनी मात्र संगणकात मोडत नाही. त्याला सर्वसाधारण यंत्रांचा १५ टक्के दर लागतो, असाच रूढ अर्थ आहे. ४० हजारांचा फोन तीन वर्षे पूर्णतः कामासाठी वापरला तरी हिशेबाच्या वहीत त्याची किंमत २४,५६५ रुपये शिल्लक असते, आणि प्रत्यक्षात तोवर तो आईकडे गेलेला असतो किंवा मोडीत निघालेला असतो. या व्यवसायात छायाचित्र, चित्रफीत, मजकूर, पत्रव्यवहार, हिशेब, सारे फोनवरच होते. गिरणीत जे मागाचे स्थान तेच येथे फोनचे. कायद्याच्या लेखी तो अजून बोलण्याचे साधन आहे.

याहूनही मोठा घोटाळा जाहिरातीच्या पैशांचा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. दुकानदार म्हणतो, ‘महिन्याला सगळे मिळून पंधरा हजार देतो, त्यातच काय त्या जाहिराती कर.’ मुलगी स्वतःच्या कार्डावरून जाहिरातीचे पाच हजार भरते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. तिची खरी मिळकत दहा हजारांच्याही आत, पण बँकेच्या खात्यात आणि बिलावर आकडा पंधरा हजारांचा. खर्चाचा तपशील ठेवून विवरणपत्र भरले तर हे पाच हजार वजा होतात, त्यात वाद नाही. ज्याला हिशेबाच्या वह्या टाळावयाच्या आहेत त्याच्यासाठी असलेल्या अनुमानाधारित पद्धतीत मात्र एकूण जमेवर टक्केवारी लागते आणि दुसऱ्याचे पैसेही आपल्या जमेत मोजले जातात. दुकानदाराने जाहिरातीचे खाते आपल्या नावावर आणि आपल्याच कार्डावर ठेवावे, हा त्यावरचा व्यवहारी उपाय. तो दुकानदारांना सहसा पटत नाही, कारण कार्डाचा क्रमांक फेसबुकला देण्यास ते भितात आणि मुलीला देण्यास त्याहून अधिक भितात.

अनुमानाधारित पद्धतीचा उल्लेख आलाच आहे तर तिच्या मुळाशी असलेला प्रश्न पाहिला पाहिजे: ही मुलगी धंदा करते की व्यवसाय? मराठीत हे दोन शब्द आपण सैलपणे वापरतो. कराच्या कायद्यात त्यांच्यात अंतर आहे. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्याला (रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असल्यास २०२३ पासून तीन कोटींपर्यंत) एकूण जमेच्या किमान ८ टक्के, आणि रक्कम बँकेतून आली असल्यास ६ टक्के, उत्पन्न दाखवून मोकळे होता येते. व्यवसायाला २०१६ च्या अर्थसंकल्पाने ही सोय दिली. पण तेथे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानली जाते. जमेची मर्यादा ५० लाख, रोख व्यवहार नगण्य असल्यास २०२३ पासून ७५ लाख. ही दुसरी सोय सर्व व्यवसायांना नाही; कायद्याच्या यादीत नाव असलेल्यांनाच आहे. वकिली, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, गृहसजावट आणि पुढे अधिसूचनांनी जोडलेले चित्रपट कलावंत, कंपनी सचिव, माहिती तंत्रज्ञान आदी. या यादीचा गाभा १९७० च्या दशकातला. तिच्यात चित्रपटाचा गीतकार आणि संवादलेखक आहे, पण शिवाजी मंदिरात ज्याच्या नाटकाचे प्रयोग होतात तो नाटककार नाही. समाजमाध्यमांची व्यवस्था पाहणारा तर कोठेच नाही.

परिणाम असा, की एका सनदी लेखापालाच्या मते ही मुलगी तांत्रिक सल्लागार असते, दुसऱ्याच्या मते साधी धंदेवाईक, आणि सावध असलेला तिसरा वह्या ठेवण्याचा सल्ला देतो. समजा, तिची वर्षाची जमा ७ लाख २० हजार आहे आणि जाहिरातीचे पैसे धरून खरा खर्च ३ लाखांचा आहे. धंदा मानला तर किमान उत्पन्न ४३,२०० रुपये, यादीतील व्यवसाय मानला तर ३ लाख ६० हजार आणि वह्या ठेवल्या तर ४ लाख २० हजार. एकाच वर्षात, एकाच खोलीत, एकाच माणसाची ही तीन उत्पन्ने!

पैसे देणारे या गोंधळात भरच घालतात. लहान दुकानदारावर करकपातीचे बंधनच नसते. मोठी जाहिरात संस्था व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के कापते; दुसरी तेच काम जाहिरातीचे कंत्राट समजून १ टक्का कापते. कपात कोणत्या कलमाखाली झाली हे खात्याच्या संगणकावर नोंदले जाते आणि विवरणपत्रातील वर्णन त्याच्याशी जुळले नाही तर विचारणा येते. ती कोण आहे, हे तिने नव्हे, पैसे देणाऱ्याच्या लेखनिकाने ठरवलेले असते. काही दुकानदार तर रोकड न देता पैठणी किंवा फोन देतात. तेही उत्पन्नच, वर्षाला २० हजारांहून अधिक किमतीचे असे लाभ दिले तर मोठ्या देणाऱ्याने १० टक्के कर भरून घेतला पाहिजे, असा दंडक १ जुलै २०२२ पासून आहे. पैठणीतून दहा टक्के कापावयाचे म्हणजे पदर कापावा की काठ, असा विनोद कोणी केला तर तो क्षम्य मानावा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड वाटण्याजोगा आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागतच नाही. वरील तिन्ही उत्पन्नांवर कर शून्य. मग वजावटीचा हा काथ्याकूट कशासाठी?

कर शून्य असला तरी कापलेला कर शून्य नसतो, हे त्याचे पहिले उत्तर. जाहिरात संस्थेकडून महिन्याला ४० हजार मिळणाऱ्या मुलीचे वर्षाला ४८ हजार रुपये सरकारजमा होतात. विवरणपत्र भरून, ते तपासले जाऊन, परतावा येईपर्यंत ते तिच्या उपयोगाचे नाहीत, आणि ४८ हजार म्हणजे जवळजवळ एक संगणक. चाळीतले आजोबा बँकेत १५ एच नावाचा नमुना भरून देतात आणि त्यांच्या मुदत ठेवीच्या व्याजातून कर कापला जात नाही. कष्टाच्या शुल्कासाठी असा नमुना नाही. कमी दराने कपात व्हावी म्हणून अधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रमाणपत्र आणावे लागते. व्याजावर विश्वास आणि घामावर अविश्वास, असा हा प्रकार आहे. व्यावसायिक शुल्काची वार्षिक किमान मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजार झाली, एवढाच काय तो दिलासा.

याहून गंभीर गोष्ट आहे ती पतीची. पगारदाराजवळ पगाराची चिठ्ठी असते; स्वतंत्रपणे काम करणाऱ्याजवळ विवरणपत्राखेरीज दुसरा कागद नसतो. बँकेकडे गृहकर्जासाठी गेले, परदेशी शिक्षणाच्या प्रवेशपत्रासाठी अर्ज केला, की गेल्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. ज्याने जमेच्या ६ टक्के उत्पन्न दाखवले त्याचा कर वाचला खरा, पण बँकेच्या लेखी तो वर्षाला ४३ हजार मिळवणारा माणूस आहे. त्याला कर्ज कोण देणार? चाळींचा पुनर्विकास होत आहे, नव्या घराच्या वाढीव क्षेत्राचे पैसे भरावे लागतात, अशा वेळी हा आकडा आयुष्याला भिडतो. वजावट म्हणजे नेहमीच फायदा, ही समजूत म्हणूनच तपासून घेतली पाहिजे. अनेक तरुण सल्लागाराच्या भरवशावर दरवर्षी उत्पन्न लहान करून घेतात आणि पाच वर्षांनी स्वतःच्याच कागदांपुढे गरीब ठरतात. खरा खर्च वजा करून खरे उत्पन्न दाखवणे हे येथे नीतीपेक्षाही हिताचे आहे. पण खरे दाखवावयाचे तर खर्चाच्या पावत्या हव्यात, आणि पावत्या तर आजोबांच्या नावाने आहेत.

पगारदारांच्या बाबतीत हा पेच शासनाने फार पूर्वी सोडवला होता. एके काळी नोकरदाराला कामासाठी लागणाऱ्या पुस्तकांचा ५०० रुपयांपर्यंतचा खर्च, वाहनाचा खर्च, असे वेगवेगळे दाखवून वजावट मागावी लागे. शिक्षकांनी पुस्तकांच्या पावत्या जपून ठेवण्याचा तो काळ होता. १९७४ साली यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना हे सारे मोडून प्रमाणित वजावट आली. कमाल मर्यादा साडेतीन हजार. पावती नको, विचारणा नको. मध्यंतरी २००५ च्या अर्थसंकल्पाने ती बंद केली. २०१८ साली ती ४० हजारांच्या रूपाने परतली आणि २०२४ साली नव्या प्रणालीत ७५ हजारांवर गेली. कारकुनाला आज १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही तो हिच्यामुळेच. नोकरीसाठीही माणसाला खर्च येतो आणि त्याचा हिशेब मागणे हे दोघांनाही त्रासाचे आहे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. १६० चौरस फुटांत काम करणाऱ्या मुलीच्या बाबतीत ते अधिकच लागू पडते. स्वतंत्र व्यावसायिकाला खऱ्या खर्चाची वजावट मिळते, मग वर आणखी सरसकट कशाला, असे अर्थखाते म्हणेल. वर आणखी देण्याचा प्रश्नच नाही. घराचा, विजेचा, इंटरनेटचा जो मिश्र खर्च असतो तेवढ्यापुरता तासांवर आधारलेला एक ठरावीक आकडा द्यावा आणि तो घेणाऱ्याने त्या बाबींचा वेगळा दावा करू नये, एवढेच पुरे.

परदेशी कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या ऑनलाइन जाहिरातीच्या पैशांवर २०१६ साली ६ टक्के समानीकरण आकार बसला होता. तो १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. ज्या व्यासपीठांवर ही जाहिरात झळकते त्यांच्या अडचणीचा विचार सरकार करू शकते, तर ती जाहिरात फोनवर घडवणाऱ्यांचाही करू शकेल. थोडी सुरुवात झालेली आहे. २०२५ च्या विवरणपत्रांत समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आला. प्रभावक म्हणजे ज्याचा चेहरा दिसतो तो. दुसऱ्याच्या नावाने लिहिणारा, दुसऱ्याच्या दुकानाचा आवाज सांभाळणारा, पडद्यामागेच राहिला.

१९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्याच्या अमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही ठरली. ८१९ कलमांची ५३६ झाली आणि भाषा सुबोध झाली. मात्र धोरणात मोठा बदल करण्याचा हेतू नाही, हे सरकारने स्पष्ट केले होते. घसाऱ्याचे दर कायद्यात नसून नियमांत असतात. व्यवसायांच्या यादीत नवे नाव घालावयाचे तर चित्रपट कलावंतांच्या आणि कंपनी सचिवांच्या वेळी संसदेपुढे जावे लागले नव्हते. यादीत येणे हा निव्वळ लाभ नव्हे, हेही सांगितले पाहिजे: ६ टक्क्यांची पळवाट त्याने बंद होईल आणि निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवावी लागेल. ज्यांचा खर्च खरोखर मोठा आहे त्यांना वह्या ठेवण्याची मुभा राहीलच. जाहिरातीचे परस्पर भरलेले पैसे जमेत धरू नयेत, असा खुलासा मात्र त्याच अधिसूचनेसोबत प्रत्यक्ष कर मंडळाने एका परिपत्रकाने केला पाहिजे. नाही तर निम्म्या जमेचा हिशेब सुरुवातीलाच चुकेल.

तोवर या मुलांनी करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. इंटरनेटची जोडणी स्वतःच्या नावावर करून घ्यावी. कामाचे बँक खाते वेगळे ठेवावे. दुकानदाराला दोन बिले द्यावीत, एक आपल्या श्रमाचे आणि एक जाहिरातीच्या खर्चाचे. आईला दिलेले पैसेही रोख न देता बँकेतून द्यावेत. आईला ते प्रथम थोडे परके वाटेल.